पुठ्ठ्यात आधी बघा, मग प्लाय कापा: वागळेतल्या एका फर्निचर वर्कशॉपचा अनुभव

घराचं फर्निचर करून घेणार असाल आणि ठाणे-मुलुंड पट्ट्यात राहत असाल तर हे जरा नीट वाचा. वागळे इस्टेटमध्ये चेकनाक्याच्या बाजूला एका जुन्या गाळ्यात बापलेकीचं वर्कशॉप आहे, काका मूळचे देवरुखकडचे, पिढीजात सुतार, आणि मुलगी इंटिरियरचा डिप्लोमा करून त्यांच्या जोडीला आलेली. नाव-नंबर टाकत नाहीये कारण काकांनीच सांगितलंय की ताई, हातात आहे तेवढंच काम झेपतंय, अजून गर्दी नको. पण ते ज्या पद्धतीने काम करतात ती सगळ्यांना कळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. पद्धत अशी की प्लायच्या शीटला करवत लागायच्या आधी प्रत्येक वस्तू खऱ्या मापात, एकास एक, बोर्डवर काढून दाखवतात आणि मग पुठ्ठ्याची डमी करून तुमच्या घरात आणून ठेवतात. तिच्याभोवती तुम्ही काही दिवस राहायचं, वावरायचं आणि मगच हो म्हणायचं.

आमचं कोलशेतला टू बीएचके. काम फार मोठं नव्हतं, हॉलमध्ये टीव्हीसाठी बुटकं युनिट, समोरच्या भिंतीवर पुस्तकांचं आठ फुटी युनिट ज्यात सासऱ्यांनी स्वतः करून घेतलेला सागवानी देव्हारा बसवायचा, आणि सासूबाईंच्या खोलीत सिंगल बेड आणि छतापर्यंतचं कपाट. यांच्याकडे जायच्या आधी एका डिझायनरकडून थ्रीडी काढून घेतलं होतं, दिसायला एकदम सुंदर, खोलीत ऊन आलेलं, कोपऱ्यात झाड ठेवलेलं, आणि बेडच्या बाजूने दोन माणसं आरामात जातील एवढी जागा. तीच फाइल मी या मुलीला दाखवली तर तिने लगेच विचारलं, ताई, या फोटोत कॅमेरा कुठे उभा आहे सांगा बरं. मग तिने समजावलं की दहा बाय अकराच्या खोलीत उभं राहून एवढं सगळं एका नजरेत दिसूच शकत नाही, सॉफ्टवेअरमध्ये पुढची भिंत काढून टाकतात, कॅमेरा बाहेर पॅसेजच्या पलीकडे नेतात, नाहीतर लेन्स एवढी वाइड करतात की खोली लांब ताणल्यागत दिसते. यात कोणी फसवत असतंच असं नाही, पण आपण मनात तीच खोली धरून बसतो. माझ्या भावाच्या खारघरच्या फ्लॅटमध्ये असंच झालं, थ्रीडी बघून सगळे खूश, आणि कपाट लागल्यावर कळलं की शटर पूर्ण उघडतच नाही, बेडला अडतं. आता वहिनी बेडवर चढून साड्या काढते.

ती मुलगी स्वतः रोज स्केचअप वापरते बरं का, 2000 साली आलेलं सॉफ्टवेअर आहे ते आणि आता जवळपास प्रत्येक इंटिरियरवाला त्याच्यावरच काम करतो. तिचं म्हणणं एवढंच की लेआउट ठरवायला आणि कुठे काय येणार हे बघायला स्क्रीन मस्त आहे, पण बारा इंचाच्या स्क्रीनवर सात फुटाचं कपाट बघून ते अंगावर येईल का नाही हे कोणाच्याच डोळ्याला कळत नाही. त्याला उंची उंचीएवढीच पाहिजे.

आता वर्कशॉपमध्ये काय होतं ते सांगते कारण मला सगळ्यात जास्त शिकायला तिथेच मिळालं. गाळ्याच्या एका भिंतीला आठ बाय चारच्या पांढऱ्या रंगवलेल्या प्लायच्या शीट्स उभ्या लावल्यात. त्यावर काका पेन्सिलने तुमचं युनिट पूर्ण मापात काढतात, समोरून दिसणारं काळ्या रेघेत, त्याच्यावरच बाजूने दिसणारं लाल रेघेत आणि वरून दिसणारं निळ्या रेघेत. सुरुवातीला नुसता गोंधळ वाटतो, पण काका बोट ठेवून एकेक रेघ सांगायला लागले की युनिट भिंतीतून बाहेर येतंय असं दिसायला लागतं. काम झालं की बोर्ड पॉलिश पेपरने घासायचा, परत पांढरा मारायचा, पुढचं काम.

एवढा खटाटोप कशाला, कागदावर स्केलमध्ये काढलं तर काय बिघडतं, असं मी सरळ विचारलं. काका म्हणाले, एकास दहाच्या कागदावर पेन्सिलची रेघ अर्धा मिलीमीटर जाड धरा, म्हणजे खऱ्यात ती पाच मिलीमीटर झाली, चूक त्या रेघेच्या जाडीतच लपून बसते. आणि मग आमच्या देव्हाऱ्याचं उदाहरण निघालं. आधीच्या ड्रॉइंगमध्ये आठ फुटाचे पाच सारखे खण दाखवलेले, 96 भागिले पाच, म्हणजे प्रत्येक खण 19 इंचाच्या वर. देव्हारा साडेअठराचा. म्हणजे बसतोय. पण काकांनी बोर्डवर उभ्या फळ्या जाडीसकट काढल्या, 18 मिलीमीटरचा प्लाय आणि दोन्ही बाजूला एकेक मिलीमीटर लॅमिनेट, म्हणजे एक फळी 20 ची, अशा सहा उभ्या फळ्या, म्हणजे 120 मिलीमीटर, जवळपास पावणेपाच इंच नुसत्या लाकडातच गेले. उरलेल्याचे पाच भाग केले तर खण येतो सव्वाअठराचा. देव्हारा दोन सूत, म्हणजे पाव इंच, मोठा! काकांनी देव्हाऱ्याच्या मापाची पट्टी बोर्डवर धरून दाखवली, ती दोन्ही रेघांच्या मध्ये बसेना, कडेला थोडी राहिलीच. ते बघितल्यावर सासूबाई एकदम गप्प झाल्या, कारण तो देव्हारा तासून छोटा करणं आमच्या घरात कोणाच्या मनातही येणार नाही. मग तिथल्या तिथे देव्हाऱ्याचा खण रुंद केला, शेजारचे दोन थोडे कमी केले, रेघा पुसल्या, नवीन मारल्या. प्लाय कापून झाल्यावर हे कळलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करा.

त्याच बोर्डवर अजून बऱ्याच गोष्टी बाहेर आल्या. ड्रॉवर ज्या पट्ट्यांवर सरकतो त्या टेलिस्कोपिक चॅनलला दोन्ही बाजूला अर्धा-अर्धा इंच लागतो म्हणून ड्रॉवर खणापेक्षा एक इंच अरुंदच होणार. भिंतीच्या तळाला स्कर्टिंगची टाइल पुढे आलेली असते म्हणून युनिट भिंतीला चिकटत नाही, मागे फट राहते, त्यामुळे खालच्या बाजूला खाच मारायची. पुस्तकांच्या फळीचा गाळा तीन फूट ठेवला तर 18 च्या प्लायला काही वर्षांत पोट येतं, त्यामुळे अडीच फुटाच्या आत ठेवा असा त्यांचा आग्रह. आणि मी पुस्तकं घेऊनच गेले होते, ते त्यांनीच सांगितलेलं, एक नेहमीच्या आकाराची कादंबरी, एक मोठा शब्दकोश, दिवाळी अंकांचा गठ्ठा, ते सगळं बोर्डला टेकवून कुठल्या फळीला किती उंची हे ठरवलं. सगळे कप्पे एकसारखे केले असते तर वर उगाच हवा राहिली असती नाहीतर शब्दकोश आडवा झोपला असता.

हे काही यांनी नवीन शोधलेलं नाही आणि तसा दावाही ते करत नाहीत. आम्ही भोपाळला गेलो होतो तेव्हा जवळच्या भोजपूरचं शिवमंदिर बघितलं होतं, अकराव्या शतकातलं, राजा भोजाच्या नावाने ओळखलं जाणारं आणि अर्धवट राहिलेलं, तिथे आसपासच्या खडकावरच मंदिराच्या भागांची ड्रॉइंग्ज कोरलेली आहेत, अजून दिसतात. इंग्लंडमध्ये यॉर्क आणि वेल्सच्या कॅथेड्रलमध्ये गवंड्यांनी जमिनीवरच्या गिलाव्यात पूर्ण मापात कोरलेल्या रेघा जपून ठेवल्यात. फ्रान्समधले सुतार लाकडी छताचा सांगाडा करताना आधी जमिनीवर खऱ्या मापात आखणी करतात, ती विद्या 2009 मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. मी हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, आमचे वडील गावी माजघराच्या सारवलेल्या जमिनीवर खडूने दाराची चौकट काढायचे, आजोबाही तसेच. सुताराला कागद महाग होता, जमीन फुकट होती.

कपाटाची गोष्ट तर मी आता येईल त्याला सांगते. सासूबाईंच्या खोलीत छत बरोबर नऊ फूट, आणि आम्हाला कपाट वरपर्यंत हवं होतं, आठ फूट दहा इंच, वर दोन इंच जागा सोडून. वाटतं ना की बसेल? काकांनी बोर्डवर कपाट बाजूने काढलं, उंची 106 इंच, खोली 24, आणि खालच्या एका कोपऱ्यात खिळा ठोकून सुतळी तिरकी समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत नेली. ती भरली 108 इंचाच्या वर, जवळपास पाऊण इंच जास्त. म्हणजे कपाट आडवं पाडून जोडलं आणि मग उभं करायला गेलो तर मधेच वरचा कोपरा छताला लागणार, नऊ फूट म्हणजे 108 च ना. यावर उपाय काय तर खालची चार इंचाची बैठक वेगळी करायची. वरचं खोकं राहिलं 102 चं, त्याचं तिरकं माप येतं 105 च्या आत, ते आरामात उभं राहतं, मग दोघांनी धरून चार इंच उचलायचं आणि बैठकीवर ठेवायचं. कपाट तेवढंच उंच, पण छत फोडायची वेळ नाही. लागायच्या दिवशी मी मुद्दाम समोर उभी राहिले होते, खोकं उठताना छत आणि कोपरा यात तीन बोटं जागा राहिली, आणि उभं राहिल्यावर कारागिरांनी ते अलगद बैठकीवर घेतलं.

आता पुठ्ठा. फ्रिज आणि वॉशिंग मशीनची खोकी ते वर्षभर गोळा करतात, त्याला आतून पातळ पट्ट्यांचा सांगाडा, वर ब्राउन टेप, आणि घडी करून टेम्पोतून घरी. आमच्याकडे टीव्हीच्या युनिटची डमी आणली ती 18 इंच खोल होती, कारण आधीच्या डिझायनरने तसं दिलेलं. मुलीने सांगितलं की याच्यावर टीव्ही ठेवा, रिमोट ठेवा, रोज काय करता ते सगळं करा आणि कुठे त्रास होतोय ते सांगू नका, आम्ही येऊन बघू. मला ते शेवटचं वाक्य कळलंच नव्हतं तेव्हा. काही दिवसांनी काका आले, चपला काढल्या, पाणी पण घेतलं नाही आणि सरळ डमीसमोर उकिडवे बसले. बाल्कनीच्या दाराकडचा कोपरा गुडघ्याच्या उंचीला पार चेपला होता, पुठ्ठ्याचे थर सुटून मऊ पडले होते, टेप निघालेली. बाकीचे कोपरे नव्यासारखे. आमच्यापैकी कोणीच सांगितलं नव्हतं की आपण तिथे धडकतो, कोणाला जाणवतही नव्हतं, कपडे वाळत घालायला जाताना, मुलगा बॉल आणायला धावताना, प्रत्येक जण तिथे घासून जात होता. काका म्हणाले, हा प्लायचा असता तर याच्या जागी तुमचा गुडघा चेपला असता. मग कटर काढला आणि तिथल्या तिथे डमी 14 इंचावर कापली, आताचे टीव्ही पातळ असतात, युनिटवर सेटटॉप बॉक्स आणि राउटर एवढंच ठेवायचं असतं, त्याला 14 भरपूर झाले. आणि तो कोपरा गोल करायचा ठरला, त्याचा फर्मासुद्धा त्याच पुठ्ठ्यातून कापून नेला.

जमिनीवर मास्किंग टेप लावून बघतात बरेच जण, मी पण आधी लावली होती, त्याने जागा किती अडणार ते कळतं आणि काहीच नसण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. पण टेपवरून आपण बिनधास्त पाय टाकून जातो. पुठ्ठा आडवा येतो.

बेडच्या वेळी मात्र पुठ्ठा चालला नाही कारण बसून बघायचं होतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. काकांनी जुन्या प्लायचं बारा इंचाचं मजबूत खोकं आणलं, त्यावर आमचीच सहा इंची गादी टाकली, 18 इंच झालं आणि म्हणाले, आई, बसा आणि उठा, घाई नाही. त्या बसल्या, उठताना दोन्ही हात मांड्यांवर दाबून पुढे झुकल्या मग उठल्या. काकांनी खाली प्लायचे तुकडे सरकवून 20 केलं. बसल्या, उठल्या, हात गादीवर नुसते टेकले. अजून वर 22 केलं तर उठणं अजून सोपं झालं, पण बसल्यावर टाचा जमिनीवरून सुटल्या, मग काका म्हणाले हे नको, रात्री अंधारात पाय शोधत बसाल. 20 पक्कं केलं. सासूबाई मला नंतर आत येऊन म्हणाल्या, इतक्या वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं की पलंग किती उंच पाहिजे. मला फार बरं वाटलं ते ऐकून.

काही जण म्हणतील की आयकिया आहे की तुर्भ्याला, 2020 च्या डिसेंबरपासून, तिथे सगळं खऱ्या मापातच मांडलेलं असतं, आणि त्यांनी तर 2017 मध्येच फोनच्या कॅमेऱ्यातून घरात फर्निचर ठेवून बघायचं अ‍ॅप काढलं होतं. दोन्ही कामाचं आहे. तिथे टेप घेऊन जा, सोफ्यावर बसा, खुर्चीची सीट किती उंच ते मोजा, ते माप मिस्त्रीला द्या, मी सगळ्यांना हेच सांगते. फक्त एक लक्षात ठेवा की त्या हॉलचं छत कुठल्या कुठे असतं त्यामुळे तिथे बेताचा दिसणारा सोफा आपल्या हॉलमध्ये आला की अंगावर येतो. आणि फोनमधलं कपाट दिसतं, पण त्याचं दार उघडताना कोपर भिंतीला लागत नाही.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक करून उपयोग नाही. उशीर. गणपतीत अर्धे कारागीर कोकणात गेले आणि परत यायला वेळ लागला, आमचं काम सांगितलेल्या तारखेच्या बरंच पुढे गेलं आणि ते आम्हाला आधी स्पष्ट सांगितलं नाही, आम्हीच फोन करून विचारत राहिलो. फोन तर मशीनच्या आवाजात ऐकूच जात नाही, व्हॉट्सअ‍ॅपच करा. गाळ्यात लाकडाचा भुसा खूप, दम्याचा त्रास असेल तर मास्क घालून जा. पार्किंगची बोंब, वागळेत ती सगळीकडेच आहे. रंगाच्या बाबतीत ते कमी पडतात असं मला वाटलं, डमी तपकिरी पुठ्ठ्याची असते आणि गडद वस्तू भरलेली दिसते, आमचं युनिट पांढरट होणार होतं त्यामुळे मी डमीवर पांढरे चार्ट पेपर चिकटवले आणि हॉल लगेच मोकळा वाटायला लागला. हे त्यांनीच करून द्यायला हवं. लॅमिनेट अजून तळहाताएवढ्या तुकड्यावरूनच निवडावं लागतं, दोन फुटाचे तुकडे तरी ठेवा असं मी सांगून आलेय, बघू. आणि भाव. उल्हासनगरच्या मार्केटमध्ये तयार माल यांच्यापेक्षा बराच स्वस्त मिळतो, बजेट टाइट असेल तर तिथे जाण्यात काहीच कमीपणा नाही, फक्त जाताना घराचा पुठ्ठा, म्हणजे मापाने कापलेला, सोबत न्या आणि तिथल्या मालाला लावून बघा.

मालाच्या बाबतीत काही बोलायला जागा नाही. पाण्याजवळच्या कामाला आयएस 710 चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का असलेलाच प्लाय वापरतात आणि कापायच्या आधी शिक्का दाखवतात. कडा नीट, शटरच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या, आणि देव्हारा त्याच्या खणात दोन्ही बाजूला एकेक सूत जागा ठेवून बसलाय.

तुमचा नेहमीचा मिस्त्री असेल तर त्याच्याकडूनही हे करून घेता येईल. त्याला सांगा की प्रत्येक वस्तूची बाजू एका शीटवर पूर्ण मापात काढ, फळीच्या जाडीसकट, हँडल आणि बिजागरीसकट, आणि मोठ्या वस्तूची डमी करून दे, त्याचे वेगळे पैसे देतो. पैसे देतो म्हणालात की बहुतेक जण तयार होतात, फुकट मागितलं की टाळतात, आणि त्यांचंही बरोबर आहे कारण एक डमी म्हणजे एका माणसाची दिवसभराची मजुरी. यांनी आमच्याकडून सगळ्या डमींचे मिळून साडेसात हजार घेतले, ऑर्डर पक्की झाल्यावर ते बिलातून वजा केले, ऑर्डर दिली नाही तर परत मिळत नाहीत हे पहिल्याच भेटीत सांगतात. रविवारी गाळा बंद असतो, शनिवारी दुपारी गेलात तर काका निवांत बोलतात. जाताना छताची उंची, लिफ्टच्या दाराचं माप आणि घरातली जी वस्तू काहीही झालं तरी बदलणार नाही तिचं माप घेऊन जा.